भुजंग भोई फळीवर उभा राहतो

भुजंगचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. येलदरीच्या धरणात आदल्या सांजेला टाकलेलं जाळं उजाडायच्या आत उचलावं लागे. उशीर झाला की मासा मऊ पडे आणि जिंतूरचा व्यापारी नाक मुरडे. ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसायचं, दोन्ही हातांत जेवायच्या थाळ्या धरायच्या आणि त्यांनी पाणी मागं लोटत जायचं. होडी नाही, वल्हं नाही. धरणावरचे सगळे भोई असाच मासा धरत. जाळ्याला रबरी चपलांचे कापलेले तुकडे बांधलेले असत. ते पाण्यावर तरंगत. तुकडा हलला, बुडाला की खाली काहीतरी आहे. म्हणून भोयाची नजर कायम पाण्यावर.

भुजंगनं चाळिशी गाठली होती. मासा कधी परातभर मिळे, कधी मूठभर. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेही नाही. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार हातात पडावा, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. ती मिळायची वेळ शहाऐंशीच्या दिवाळीनंतर आली.

परभणीच्या एका शाळेतले कवायतीचे पंडित सर टेम्पो घेऊन धरणावर उतरले. टेम्पोत तीन लांब फळ्या होत्या, काठ्या होत्या आणि रंगीत कापडं गुंडाळलेली होती. सरांनी एक कापड उलगडून काठीला चढवलं, काठी फळीवर बसवली. भोई जमलेच होते.

"सर, हे कापड मासे वाळवायला आणलंय का?" एकानं विचारलं.

"ह्याला शीड म्हणतात. ह्यात वारा भरतो आणि माणूस फळीवर उभा राहून पाण्यावरून जातो."

"बसून जायला काय झालं? उभं राहिल्यावर पाणी स्वस्त पडतंय का?"

सरही हसले. मग त्यांनी कामाचं सांगितलं. इथं पोरांना हा खेळ शिकवायचं केंद्र निघणार होतं. नवीन पोरगं वाऱ्यानं वाहत जातं, दमतं. त्याला ट्यूबवर घालून आणायचं आणि त्याची फळी शिडावर चालवत परत आणायची, यासाठी एक माणूस हवा होता. पगार बारमाही. जिंतूरचा लिंबाजी नावाचा एक पट्टीचा पोहणारा रविवारी येणार होता. इथल्यांपैकी कुणाला यायचं असेल त्यानंही यावं. समोरचा काठ गाठून जो परत येईल, त्याला काम.

"मी येतो," भुजंग म्हणाला. "पाण्यातच जलमलो हाय मी."

"मग आजपासून शिका, मामा. सकाळी वारा नसतो. दुपारी या."

दुपारी सरांनी फळी गुडघाभर पाण्यात आडवी धरली. शीड पाण्यावर पसरलेलं होतं. "वारा पाठीवर घ्यायचा. काठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय. ही दोरी धरा आणि शीड उचला."

दोरी म्हटल्यावर भुजंगला शिकवायची गरज नव्हती. तो कमरेत वाकला आणि जाळं ओढतात तसा एका हातापुढे दुसरा टाकत ओढू लागला. जाळं ओढताना मध्ये थांबायचं नसतं. थांबलं की मासा निसटतो. पण शिडावर पाणी होतं. ते जड लागलं, तसा त्यानं जोर वाढवला. अर्ध्यात पाणी गळून गेलं, शीड एकदम हलकं झालं आणि सगळा जोर घेऊन भुजंग पाठीवर धाडकन पाण्यात गेला.

काठावर त्याची बायको कडूबाई जाळं धूत होती. तिनं मान वर केली. "अवं, पाण्यातच जलमले ना तुमी? मंग परत कामून चालले?"

भुजंग उठला. पुन्हा ओढलं, पुन्हा पडला. उन्हं कलेपर्यंत हेच चाललं. कंबर दुखायला लागली, तळहात सोलले.

"ताकद कमी नाही तुमची," सर म्हणाले. "नको तिथं खर्च होतेय. पाठ सरळ ठेवा, गुडघ्यात वाका. हातानं ओढूच नका. हात नुसते धरायला. अंग मागं टाका, तुमचं वजनच शीड उचलेल. आणि अर्ध्यात थांबा. पाणी गळू द्या."

अर्ध्यात थांबणं त्याला फार जड गेलं. हात आपोआप पुढं सरत. दुसऱ्या दिवशी त्यानं दात खाऊन हात जागच्या जागी ठेवले. शिडाच्या कडेवरून पाण्याची धार गळाली, थांबली. मग शीड स्वतःहून आल्यासारखं वर आलं. कंबरेला कळलंसुद्धा नाही.

आता पुढचं. एका हातानं काठी धरायची, दुसऱ्या हातानं शिडाची आडवी दांडी. मग दोन्ही हात दांडीवर. मागचा हात जवळ घेतला की शिडात वारा भरतो आणि फळी चालू लागते. वारा जास्त झाला तर मागचा हात ढिला करायचा. अगदीच आवरेना तर शीड सोडून द्यायचं, फळी मात्र कधीही सोडायची नाही. हे सगळं भुजंगला पटलं, जमलंही. तरी फळी चार हात गेली की तो पडायचाच.

"खाली बघू नका!" सर काठावरून ओरडत. "समोर बघा. पलीकडच्या पंपघराच्या भिंतीकडे."

त्या भिंतीवर नामांतराची घोषणा निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिली होती. एवढ्या लांबूनही दिसायची. भुजंग तिकडं बघायचा आणि पुढच्याच क्षणी नजर पाण्यावर. मान वाके, मानेमागं खांदे, खांद्यामागं शीड. आणि मग पाणी.

घरी तो सोललेल्या तळहातांना तेल चोळत बसला. रविवार जवळ आला होता.

"नजरच उचलत न्हाई," तो म्हणाला. "जलमभर पाण्यात बघितलं, आता एकदम कसं सोडू?"

कडूबाई नुकतीच घागर घेऊन चढ चढून आली होती. घागर डोक्यावरच होती. "मी हा चढ चढते, तवा पायाकडं बघते का?"

"तुला सवय हाय."

"सवय आईच्या पोटातून आणली का? लय घागरी फोडल्या मी. मार खाल्ला. घ्या, धरा."

तिनं घागर त्याच्या डोक्यावर ठेवली. भुजंग निघाला. दगड कुठं आहे ते बघायला त्यानं मान खाली घातली आणि अर्धी घागर त्याच्या छातीवरून खाली आली. शेजारपाजारचे बाहेर आले. कुणी म्हणालं, भुजंगची आंघोळ चाललीय. कुणी म्हणालं, उद्यापासून कडूबाई जाळं टाकणार आणि हा पाणी भरणार. भुजंग परत फिरला. घागर पुन्हा भरून आणली, पुन्हा डोक्यावर घेतली. घरासमोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर डोळे लावले. पायांना दगड लागला, पण पाय आपले आपण सावरले. घरापाशी पोचला तेव्हा घागरीतलं पाणी हललं होतं, सांडलं नव्हतं.

"आता रोज आणा," कडूबाई म्हणाली, "म्हंजे इसरणार न्हाई."

रविवारी लिंबाजी आला. अंगानं दांडगा, बोलायला गोड. सरांनी दाखवलं तसं शीड उचलून तो झपाट्यानं पलीकडे गेला. परत फिरताना मात्र चुकला. वाऱ्याच्या उलट जायचं तर शीड किंचित मागं कलवून, तिरकं तिरकं यावं लागतं. तो सरळ यायला बघत होता, आणि वारा त्याला भिंतीकडं लोटत होता. शेवटी भोयांनी ट्यूब नेऊन त्याला आणलं. उतरल्यावर तो म्हणाला, "वारा लय इमानी हाय. सोताच्याच दिशेला नेतो."

भुजंग निघाला. पाठ सरळ, डोळे पंपघराच्या निळ्या अक्षरांवर. पलीकडचा काठ आला. शीड मागच्या टोकावरून फिरवलं, छोटी छोटी पावलं टाकत काठीभोवती वळला आणि तिरका परतीला लागला. एक तिरपा, मग उलटा तिरपा. निम्म्यावर आला तोच उजवीकडे त्याचंच जाळं, आज पहाटे उचलायचं राहून गेलेलं. चपलेचा एक तुकडा गपकन बुडाला. मग दुसरा. खाली मोठा मासा होता.

भुजंगनं बघितलं, आणि पडला.

 तो फळीवर चढला आणि उठलाच नाही. नुसता बसून राहिला. वारा त्याला हळूहळू खाली नेत होता.

"उठा की!" कडूबाई ओरडली.

"बसू द्या," सर म्हणाले.

छातीचा भाता शांत झाल्यावर भुजंग उभा राहिला. पाठ वाऱ्याला. दोरी धरली, अंग मागं टाकलं. शीड अर्धं आलं, तिथं थांबला. पाणी गळालं. शीड वर आलं. जाळ्याचे तुकडे आताही नाचत होते. त्यानं मान वळवली नाही. वाहून गेलेलं अंतर भरून काढायला त्याला दोन तिरपे जास्तीचे मारावे लागले, पण निघाला होता तिथंच तो येऊन लागला.

"सर, पडलो मी," पाण्यातूनच तो म्हणाला.

"पोरं दिवसातून शंभरदा पडणार आहेत, मामा. पडल्यावर घाई न करणारा माणूस मला पाहिजे. एक तारखेपासून या."

कडूबाईनं पदर खोचला. "केवढा होता?"

"काय?"

"मासा!"

"लय मोठा."

ती ट्यूब घेऊन निघालीसुद्धा. त्या दिवशी पंडित सर आणि लिंबाजी, दोघंही त्यांच्याकडेच जेवले.

भुजंगनं ते काम बरीच वर्षं केलं. मोठमोठ्या घरची पोरं त्यानं पाण्यातून उचलून आणली. प्रत्येकाला सांगितलं, अर्ध्यात थांब, आणि वर बघ. पहाटेचं जाळंही सोडलं नाही. पगारातून आधी मीठमिरची झाली, मग दुखणीखुपणी, मग लेकरांच्या शाळेची पुस्तकं. उरलेलं कडूबाई डब्यात टाकत गेली. त्यांच्या घराला तोवर दार नव्हतं. काटक्यांचं कूड उचलून आडवं लावायचं, कुत्रं आलं की ते पडायचं. एक्याण्णवच्या दसऱ्याला जिंतूरच्या सुतारानं कडुलिंबाच्या लाकडाची चौकट बसवली. कडूबाईनं तिला हळदकुंकू लावलं. मग दोन झडपांचं, कडीकोयंड्याचं दार लागलं.