घोडीच्या डोळ्यांवर माझी ओढणी

सुरतेत कामावर ओढण्यांच्या घड्या घालताना कोऱ्या कापडाचा वास आला, की मी थेट सारंगखेड्याच्या यात्रेत पोचते. सातवीतून शाळा सुटली त्या वर्षी आबांनी तिथं घोडी घेतली, आणि ती टेम्पोत चढेचना. विकणारा म्हणाला, "नही चढनी ते मी परत लई जासू."

मी आईला चिकटले. आई म्हणाली, "दे तुन्ही ओढणी."

गोंड्यांची ओढणी, सकाळीच घेतलेली. "माय, फाटी जाई."

"दे."

तिनं घोडीचे डोळे बांधले, मानेवर हात ठेवला, आणि घोडी फळीवरून टपटप वर चढली. मी आनंदानं उड्याच मारल्या. आज वाटतं, आईलाही भीती वाटली असणार, पण तिचा हात घोडीच्या मानेवरून हलला नाही.

टेम्पो निघताना आई ओढणीची गाठ सोडायला लागली.

"राहू दे माय," मी म्हणाले, "ती घाबरी जाई."