एका पायावरच्या विहीणबाई

आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई, हिवरखेडच्या सुभद्राबाई, निघताना टोमणा मारायच्या तो एका पायावर उभं राहून. उंबऱ्यात डावा पाय उचलायचा, चपलेचा पट्टा बोटाने सावरायचा, भिंतीला हात लावायचा नाही आणि बोलून झालं की मगच पाय खाली. वय सत्तरीपार. समोर सोफ्यावर मी : वय बासष्ट, कोवळी पोर, निवृत्त मुख्याध्यापिका, कमरेला पट्टा, पाठीशी तीन उशा.

"एका पायावर उभं राह्यता येत नाई, अन् दोन पायाची मिजास केवढी!" एवढं म्हणून त्या बसस्टँडकडे चालू लागायच्या.

मी त्यांना अडाणी समजत असे. जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या बाईला कंबरदुखी काय कळणार? माझी कंबर शिकलेली होती, एकतीस वर्षं खुर्चीत बसून कमावलेली. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, "हाडं बरी आहेत. चालत राहा, झोपून राहू नका." मी डॉक्टर बदलला आणि पलंगावर आडवी झाले.

एकदा विहीणबाईंनी शेतात रोडगे केले. गोवऱ्यांच्या विस्तवातून काढलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि जमिनीवर पंगत. मी शहरातून, राजापेठेतल्या घरून, गाडीत घालून स्वतःची प्लास्टिकची खुर्ची नेली. हो, नेली! अख्खं गाव मांडी घालून बसलेलं आणि मधोमध मी, उंच. विहीणबाई वाढत आल्या आणि माझ्यापुढे थबकल्या.

"तहसीलदारसायेब, अंगठा कुठी लावू?"

पंगत हसली. माझा मुलगासुद्धा.

त्याच वर्षी मी न्हाणीघरात पडले. मोडलं काही नाही, पण पाय टेकवायचा धसका बसला. मुलाने ठरवलं, आईला आंघोळ घालायला बाई ठेवायची. परक्या बाईपुढे, दार उघडं टाकून! मी रडायला लागले. बघायला आलेल्या विहीणबाईंना त्या रडण्याचीसुद्धा किळस आली.

"कावून रडून राह्यल्या? उठा. बाई-बिई काई लागत नाई."

आठ दिवस त्या राहिल्या. सकाळी गॅसवर दूध चढवायचं आणि ते वर येईस्तोवर मला ओटा धरून एका पायावर उभं करायचं. दुपारच्या चहाच्या दुधाला दुसरा पाय. आधी दोन हात, मग एक, मग दोन बोटं. "ओटा काई पळून नाई चालला. सोडा त्याले." अधूनमधून पाटावर बस, ऊठ. मी कण्हले की म्हणायच्या, "गाभण म्हैस बी इतकी कण्हत नाई, इनबाई."

जाताना त्यांनी माझा कमरेचा पट्टा पळवला. पुढे तो मला त्यांच्या गोठ्यात दिसला, गळक्या पाइपाला आवळलेला.

त्या गेल्यावरही मी दूध तापवत राहिले. तीन महिन्यांनी एके सकाळी न्हाणीघराची कडी आतून लावली आणि एकटीने आंघोळ केली. बाहेर मुलगा दार ठोठावत होता. मी मुद्दाम उशीर केला.

गेल्या वर्षी विहीणबाई गेल्या. तेरवीला हिवरखेडला त्यांच्या अंगणात पंगत बसली. मी आता चौऱ्याहत्तरची, म्हणून सुनेने माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

"ती एखाद्या तहसीलदाराला दे," म्हणत मी खाली बसले.

जेवण झालं. उठताना माझा एक हात जमिनीला टेकला. कुणाचं लक्ष नव्हतं. ज्यांचं असतं, त्या समोर फोटोत होत्या, हार घालून.

मी पुन्हा खाली बसले आणि हात न टेकता उठले.