आमच्याकडचं औषध

माझा शेतीशी संबंध कोथरूडच्या बाल्कनीतल्या तुळशीपुरता. तीही आई सांभाळायची. पण जपानात, इचिकावात भाड्याने भाजीचा एक वाफा काय मिळाला, मी एकदम उंटावरचा शहाणा झालो.

शेजारच्या वाफ्यात एक आजोबा सोरामामे लावायचे. वालासारख्याच, पण चांगल्या जाडजूड शेंगा. आभाळाकडे तोंड करून वाढतात. एप्रिलमध्ये शेंड्यांवर काळ्या किड्यांचा मावा चढला. आजोबा फवाऱ्याची बाटली हातात घेऊन घुटमळत उभे होते. मेच्या सुट्टीत त्यांची सहा वर्षांची नात शेंगा तोडायला येणार होती. तिच्या हाताला रसायन लागू नये, पण शेंगा तर हव्यात, अशी अडचण.

"थांबा," मी म्हणालो. "आमच्याकडे याला झाडपाल्याचं औषध असतं. हजारो वर्षांचं."

त्या हजारो वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं.

कडुनिंबाचं तेल मागवलं, लसूण-मिरची मिक्सरमधून काढली, भांड्यांचा साबण ओतला. तेलाचं प्रमाण बाटलीवर जपानीत लिहिलं होतं. मला ते वाचता येत होतं, हे जास्त लाजिरवाणं. मावा फार, म्हणून मी चौपट घातलं. बायको वास घेऊन म्हणाली, "चटणी मस्त झालीये. मावा आता भाकरी मागेल." रविवारी भर दुपारच्या उन्हात मी आजोबांच्या अख्ख्या वाफ्याला न्हाऊ घातलं.

तीन दिवसांत पानं करपली, कोवळ्या शेंगा गळून पडल्या. मावा थोडाफार शिल्लक होताच. आजोबांनी उलट मलाच वाकून नमस्कार केला. "माझी रोपंच अशक्त होती. तुम्हाला उगाच त्रास." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन रात्री धड झोप नाही.

नात यायची त्या सकाळी मी सुपरमार्केटमधून शेंगांची पाकिटं आणली आणि उरल्यासुरल्या खोडांना हिरव्या दोऱ्याने एकेक शेंग बांधली. आजोबा लांबून बघत होते.

नात टोपली घेऊन धावत आली आणि वाफ्याशी थबकली.

"आजोबा, या शेंगा खाली का बघतायत?"

मी माझ्या वाफ्यातल्या मुळ्याच्या पाल्यात डोकं खुपसलं.

"ही इंडियाची पद्धत आहे," आजोबा गंभीरपणे म्हणाले. "या काकांनी शिकवली."

पोरीने माझ्याकडे वळून, कमरेत वाकून आभार मानले आणि दोऱ्यासकट पहिली शेंग तोडली.