पापणी हलवा

शेजारच्या शांताकाकूंनी ठेवणीतली साडी नेसली, पावडर लावली आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या. पेन्शन चालू राहायला लागणारा हयातीचा दाखला आता मोबाइलवरच निघतो, म्हणून मी त्यांच्यासमोर फोन धरून उभी होते. डोळे मिचकावा, अशी इंग्रजी सूचना पडद्यावर सारखी येत होती. काकू मात्र टक लावून बघत राहिल्या.

"काकू, पापणी हलवा!"

"वेडी आहेस का? फोटो बिघडेल ना!"

मला हसूच फुटलं. लग्नापासून प्रत्येक फोटोवाल्याने त्यांना हलू नका एवढंच शिकवलेलं. तसं आपलं सगळ्यांचंच शिक्षण हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून झालेलं. सरकारी कचेरीत तर आपण श्वाससुद्धा बेतानेच घेतो. आणि आता तेच सरकार म्हणतंय, जरा हला बघू, म्हणजे जिवंत आहात हे कळेल! हे नव्याने शिकायला थोडा वेळ लागणारच.

अखेर काकूंच्या पापण्या लवल्या आणि दाखला निघाला.

संध्याकाळी पाहते तर काकू समोरच्या यमुनाबाईंपुढे फोन धरून ओरडत होत्या, "अगं, मिचकाव की डोळे! लाजतेस काय? सरकारच तर बघतंय!"