फुगडीची सूचना

श्रावणातला पहिला शुक्रवार. सोसायटीच्या फळ्यावर मी सूचना लिहिली: ‘दर शुक्रवारी हॉलमध्ये झिम्मा-फुगडी. सर्व सुवासिनींनी यावे.’ हात सवयीने लिहून गेला.

संध्याकाळी सत्तरीच्या शालूमावशी दारातच थांबल्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं.

“मी इथूनच बघते गं. फळा वाचलाय मी.”

“चूक माझी आहे, मावशी. हात द्या.”

पावलांना पावलं भिडवून त्या मागे झुकल्या आणि सगळा भार माझ्या हातांवर टाकून गरगर फिरल्या. ज्या हातांनी वगळलं, त्यांच्यावरच एवढा भरवसा! मी थक्क झाले. फुगडीत एकटीचा तोल नसतोच.

“दमलीस एवढ्यात?” त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसून लिहिलं: ‘सगळ्याजणींनी यावे. शिकवणार: शालूमावशी.’