पास झालेली माती

“सायेब, माझी माती पास झाली म्हनून तुमीच सांगितलं. मग माझी गाय नापास कशी?”

हौसाबाईंनी उपटलेल्या गवताचा झुबका माझ्या नाकासमोर धरला होता. गवत हळद लावल्यासारखं पिवळं होतं. मागे दावणीला त्यांची संकरित गाय उभी होती. गावात अशा गाई नव्यानेच आलेल्या. बाईंनी घरच्यांशी भांडून ती घेतली होती. आता तिच्या बरगड्या दिसत होत्या, दूध निम्म्यावर आलं होतं आणि सासू ‘इकून टाक’ म्हणून मागे लागली होती.

मी चारा विकास अधिकारी. म्हणजे गाईने काय खावं आणि त्या खाण्याला काय खायला घालावं, हे सांगून पगार घेणारा माणूस. गोष्ट सत्तरच्या दशकातली, आष्ट्याजवळच्या एका गावातली. रासायनिक खताची टंचाई होती, ते परमिटवर मिळायचं. कुठल्या गावाला किती द्यायचं ते ठरवायला मी चाऱ्याच्या रानांतली माती मागवली आणि सांगलीच्या लॅबमध्ये तपासून घेतली. या गावाचा रिझल्ट फारच उत्तम. शिवाय वीस रानांच्या वीस पिशव्या, आणि माती अगदी एकसारखी.

शंका यायला हवी होती. आमच्या साहेबांना आलीही.

“जोशी, सगळीकडे सेम माती?”

“सर, नदीचा गाळ. सगळीकडे सारखाच साचतो. युनिफॉर्म डिपॉझिट,” मी म्हणालो आणि शिवाय फळ्यावर कृष्णेचं वळण काढून दाखवलं. साहेबांनी कागदावर सही केली. ते प्रभावित झाले असा माझा समज झाला. इतक्या चांगल्या मातीला खत कशाला, म्हणून गावाच्या वाट्याचं खत माझ्या शिफारशीने दुसरीकडे गेलं.

आता हौसाबाईंच्या रानात मी कुदळ मारली. या गावात पहिल्यांदाच. निघाली ती फिकट, टणक ढेकळं. लॅबमधली माती काळी आणि भुसभुशीत होती.

“ही ती माती नव्हे,” मी म्हणालो.

“मी तर हितलीच नेऊन दिली हुती हवालदारतात्यांकडं.”

हवालदारतात्या म्हणजे फौजेतून रिटायर झालेले, दूध सोसायटीचे चेअरमन. पिशव्या गोळा करण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. आम्ही दोघं तडक त्यांच्या गोठ्यावर गेलो. मी विचारलं, “तात्या, पिशव्यांत कुठली माती भरली होती?”

“आवं, लोकांनी कायबी आनलं हुतं. खडं काय, मुळ्या काय! समदं वतून दिलं. आमच्या खताच्या खड्ड्याकडची माती काढली, चाळली आन् भरली. ए-वन माल!”

“अहो, पण माती कशी आहे तेच तर बघायचं होतं!”

“इन्स्पेक्शनला मळकं किट दावतं व्हय कोन? उभ्या नोकरीत एक रिमार्क न्हाई माझ्यावर.”

चाळलेल्या मातीबद्दल मीटिंगमध्ये मी या गावाचं खास कौतुक केलं होतं, ते मला नेमकं तेव्हा आठवलं.

“म्हंजे तुमची इज्जत ऱ्हायली आन् माझी गाय उपाशी?” हौसाबाई म्हणाल्या. तात्यांनी मान खाली घातली. मीही घातली.

सांगलीला जाऊन साहेबांना सांगितलं, “सर, डिपॉझिट युनिफॉर्मच होतं. फक्त ते एका उकिरड्याचं होतं.”

“खत आता परत येत नाही, जोशी. नदी काढलीत तसा यावर उपायही काढा.”

गावातल्या रानांत होतं ते गजराज, उंच वाढणारं चाऱ्याचं गवत. ते वर्षातून बऱ्याच वेळा कापतात. दर कापणीला रानातलं नत्र, म्हणजे पिकाला हिरवं ठेवणारं अन्न, गाईच्या पोटात जातं. ते शेणामुतातून रानात परत यायला हवं. तात्यांचा खड्डा सोडला तर गावात शेण शेण्या होऊन चुलीत जात होतं आणि मूत गटारात. रान नुसतंच देत राहिलं होतं.

हे सगळं मी सोसायटीत सांगितलं. लोक जांभया देत होते. मग हौसाबाई उठल्या.

“माझ्या नावाची पिशवी तात्यांच्या खड्ड्यातनं गेली. लॅबनं ती पास केली. म्हंजे सरकारच्या हिशेबी त्यो खड्डा माझाबी हाय. मला गाडीभर खत पायजे.”

पिशवी सगळ्यांच्याच नावाची गेली होती, हे बाकीच्यांच्याही लगेच ध्यानात आलं. तात्यांनी मिशी चोळली.

“उचला,” शेवटी ते म्हणाले. “पर हौसाची गाडी पैली.”

ती गाडी त्यांनी स्वतः हाकली. खड्डा तळापर्यंत रिकामा झाला. गोठ्याचं पाणी पाटाने गवताला वळवलं. बांधालगत लसूणघास या द्विदल चाऱ्याचे पट्टे केले, कारण हवेतलं नत्र तो मुळांशी धरतो. दुसऱ्या कापणीला गवत गर्द हिरवं आलं. हौसाबाईंची गाय सावरली. सासू आता किटली घेऊन स्वतः डेअरीत जायची आणि “आमची गाय” म्हणायची. मला इतका आनंद झाला की साहेबांना पुन्हा फळ्यावर काहीतरी काढून दाखवावंसं वाटलं. आवरलं.

तेव्हापासून मातीचा नमुना मी स्वतः खणून घेऊ लागलो. रिझल्ट फार चांगला आला की आधी पिशवी कोणी भरली ते विचारायचो.

पुढे लवकरच आमच्या ऑफिसचं वरून इन्स्पेक्शन लागलं. आदल्या दिवशी आम्ही नमुन्यांच्या फुटक्या बाटल्या कपाटामागे ढकलल्या. दारापुढच्या प्रात्यक्षिक वाफ्यातलं माझं गवत जरा मरतुकडं होतं. ते उपटून मी तात्यांच्या गोठ्यामागच्या हिरव्यागार गवताचे ठोंब आणून लावले. रिमार्क आला, उत्कृष्ट.