वेल्ह्याच्या वाटेवरचं इंग्रजी

वेल्ह्याच्या एसटीत माझ्या शेजारी बसलेली म्हातारी प्लॉटविक्रीच्या फलकांवरची इंग्रजी अक्षरं खिडकीच्या काचेवर बोटानं गिरवत होती. ओ, डब्ल्यू, एन ओळीनं सापडले की खुलायची. "टाऊन म्हंजी शहर. डाऊन म्हंजी खाली. ओनर म्हंजी मालक. नातीनं शिकवलंय."

पुढच्या सीटवरचा तिचा पुतण्या वळून हसला. "काकू, तुमाला कचेरीत निस्ता अंगठा द्यायचाय. जमिनीचा कागद इंग्रजीत हाय. घेणाऱ्या सायबांनी वाचलाय."

"जमीन सायबाची हाय का माजी? म्या वाचंस्तवर थांबा म्हणावं."

"वरीस जाईल की!"

"जाऊ दे."

आमच्या तालुक्यातले डोंगर असेच, न वाचलेल्या कागदांवर विकले गेलेत. वेल्हं आलं. पुतण्या उतरला. ती जागची हललीसुद्धा नाही. कंडक्टरला म्हणाली, "माघारीचं तिकीट द्या."